छप्पर नसलेली गाडी जड का होते, आणि माझदाने ती हलकी कशी ठेवली

प्रश्न विचारणारा मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘छप्पर काढलं म्हणजे पत्रा गेला, मागची काच गेली. मग कन्व्हर्टिबल गाडी त्याच मॉडेलच्या बंद गाडीपेक्षा जड का भरते? आणि हा नियमच असेल तर माझदाची एमएक्स-५ हजार किलोच्या आत कशी आली? आम्हाला प्रोजेक्टसाठी दोन आसनांची उघडी गाडी करायची आहे. सुरुवात कुठून करावी?’

मी बावीस वर्षं गाड्यांच्या सांगाड्यावर काम करतोय, बहुतेक काळ पुण्यात आणि मधली दोन वर्षं इंग्लंडमध्ये. आधी कॉम्प्युटरवर सांगाडा पिळून बघायचा, मग खराखुरा सांगाडा रिगवर, म्हणजे चाचणीच्या चौकटीवर, बांधून पिळायचा, आणि दोन्हीकडचे आकडे का जुळत नाहीत ते शोधत बसायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. उत्तर लांबणार आहे, पण मधलं काही गाळलं तर शेवटचं कळणार नाही.

आधी घरातली एक वस्तू घ्या. ॲल्युमिनियम फॉइल संपल्यावर आत पुठ्ठ्याची नळी उरते, ती. दोन्ही टोकं दोन हातांत धरून पिळायचा प्रयत्न करा. ती जागची हलणार नाही. आता कात्रीने एका बाजूने लांबीत सरळ चीर द्या आणि पुन्हा पिळा. नळी सहज वळेल आणि चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून सरकताना दिसतील. पुठ्ठा तेवढाच आहे, वजनही तेवढंच आहे. गेलं ते फक्त बंद वर्तुळ. पन्नास मिलिमीटर त्रिज्या आणि एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची नळी असेल, तर चिरलेल्या नळीपेक्षा बंद नळी पिळाला ७५०० पट जास्त विरोध करते. हे गणित तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे. त्रिज्येला जाडीने भागा, वर्ग करा, तिनाने गुणा.

बंद गाडी ही ढोबळमानाने अशीच एक नळी असते. खाली फरशी, वर छप्पर, बाजूला खांब आणि काचेच्या चौकटी. छप्पर काढलं की ती चिरली जाते. गाडीचं नुकसान ७५०० पटीने होत नाही, कारण सिल (दाराखालून पुढून मागे जाणाऱ्या पोकळ तुळया) आणि बोगदा (दोन सीटच्या मधून जाणारा फरशीचा उंचवटा) यांचे स्वतःचे बंद डबे असतातच. पण जे उरतं त्यावर चांगली गाडी उभी राहत नाही.

आपल्याकडे वरातीसाठी जुन्या सेदानचं छप्पर गॅसकटरने कापून नवरानवरीला उभं राहायला जागा करतात. साताऱ्याजवळच्या एका गॅरेजमध्ये अशी गाडी मी जवळून पाहिली आहे. मिस्त्रीने पुढच्या उजव्या कोपऱ्याखाली जॅक लावला, चाक जमिनीवरून सुटलं, आणि मी सहज मागचं दार उघडायला गेलो तर ते उघडेना. दाराच्या वरच्या टोकाला फटीत करंगळी जात होती आणि खालच्या टोकाला पत्र्यावर पत्रा घासून रंग उडाला होता. जॅक उतरवला, दार उघडलं. चार माणसं बसल्यावर दारं लागत नाहीत म्हणून त्यांनी ती दोरीने बांधायला घेतली होती. कृपा करून हे कोणी करू नका, आणि असं वाहन मोठ्या रस्त्यावर तर अजिबात नेऊ नका. त्या गाडीचा पुढचा खांब आता कशालाच जोडलेला नसतो. अपघातात तो केबिनचा आकार धरून ठेवत नाही.

आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बंद गाडीवरून उघडी गाडी करणारी कंपनी गेलेला ताठपणा भरून काढायला खाली पत्रा घालते. सिलच्या आत आणखी एक थर, फरशीखाली आडव्या-तिरक्या पट्ट्या, मागच्या सीटमागे आडवी भिंत, पुढच्या काचेच्या खांबात नळी. शिवाय टपाची, म्हणजे उघडमिट होणाऱ्या छपराची, यंत्रणा, मोटर, हायड्रॉलिक पंप. छप्पर जितकं गेलं त्याच्या कितीतरी पट खाली येतं. इतकं करूनही थरथर राहिलीच तर डिकीच्या कोपऱ्यात स्प्रिंगवर टांगलेलं लोखंडाचं वजन बसवतात. सांगाडा ज्या वारंवारितेला हलतो त्याच वारंवारितेला ते उलट्या दिशेने हलतं आणि हादरा गिळतं. काही युरोपीय चार आसनी कन्व्हर्टिबलमध्ये तुम्हाला हे वजन सापडेल. उपाय चालतो, पण स्पोर्ट्स गाडीत मेलेलं वजन वाहून नेणं मला तरी पटत नाही.

या थरथरीबद्दल थोडं सांगतो, कारण गिऱ्हाईक उघड्या गाडीला नावं ठेवतं ते बहुतेक हिच्यापायी. खड्ड्यातून गेल्यावर स्टिअरिंगचा खांब आणि पुढची काच किंचित एकमेकांविरुद्ध हलतात. आरशातलं चित्र अस्पष्ट होतं. कारण असं की चाक आणि त्याला जोडलेला सस्पेन्शनचा भाग सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा उडतो. बंद गाडीच्या सांगाड्याची पिळाची वारंवारिता याच्या बरीच वर असते, म्हणून चाकाचं उडणं सांगाड्याला जागं करत नाही. छप्पर गेलं की ती वारंवारिता खाली येते आणि दोघांची गाठ पडते. मग सस्पेन्शन कितीही चांगलं असो, त्याला टेकायला पक्की भिंतच उरत नाही. स्प्रिंग कडक केल्या तर सांगाडा स्वतःच पाचवी स्प्रिंग होऊन बसतो.

ही चाचणी यंत्राशिवायही करता येते. कोणी उघडी गाडी चालवत असेल तर शेजारी बसा. दार आणि त्याच्या मागचा पत्रा यांच्यामधल्या फटीवर बोट आडवं ठेवा, निम्मं दारावर, निम्मं पत्र्यावर. खराब रस्त्यावर बोटाखाली दोन्ही कडा वरखाली सरकताना जाणवतील. ते किती आणि किती लवकर थांबतं, यावरून सांगाड्याबद्दल बरंच कळतं. मी प्रत्येक नव्या गाडीत हे पहिल्या किलोमीटरला करतो. सेन्सर नंतर लावतो.

विद्यार्थी आणि कधीकधी आमचे नवे इंजिनिअरही एक चूक करतात, तीही इथेच सांगतो. ‘महागडं जास्त ताकदीचं स्टील घातलं की गाडी ताठ होईल’ असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. ताकद आणि ताठपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. साधं स्टील घ्या की अत्युच्च ताकदीचं, लवचिकतेचा गुणांक, म्हणजे लवायला धातू किती विरोध करतो त्याचं माप, दोन्हीकडे २१० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. महाग स्टील उशिरा वाकतं किंवा तुटतं, पण तेवढ्याच भाराला तेवढंच लवतं. ॲल्युमिनियमचा गुणांक तर ७०, म्हणजे एकतृतीयांश. त्यामुळे अपघातासाठी महाग स्टील, आणि पिळासाठी आकार. बंद नळीच्या पत्र्याची जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट, पिळाचा ताठपणा दुप्पट. जाडी तीच ठेवून नळीचा व्यासच दुप्पट केला, तर वजन दुप्पट आणि ताठपणा आठपट. उघड्या गाडीच्या सांगाड्याची सगळी मारामारी या आठपटीसाठी असते. सिल किती उंच घ्यायचं, बोगदा किती रुंद घ्यायचा, आणि माणूस मग आत शिरणार कसा?

ही ओढाताण जुन्या गाड्यांत उघड दिसते. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल आठवा. नळ्यांची जाळी करून केलेला तिचा सांगाडा बाजूने इतका उंच होता की साधं दार बसेना, म्हणून दारं वर पंखासारखी उघडली. १९५७ मध्ये तिचीच उघडी आवृत्ती आली तेव्हा छपराला टांगलेली दारं शक्यच नव्हती. नेहमीसारखी दारं बसवण्यासाठी बाजूची जाळी खाली आणून सांगाडा नव्याने रचावा लागला. १९९६ ची लोटस एलिस याच्या दुसऱ्या टोकाला. ॲल्युमिनियमचे साच्यातून दाबून काढलेले डबे गोंदाने चिकटवून केलेला ६८ किलोचा सांगाडा, आणि दोन्ही बाजूंना मोठ्ठे सिल. गाडी अप्रतिम, पण आत शिरायचं तर आधी सिलवर बसून, पाय उचलून घसरावं लागतं. मी इंग्लंडमध्ये असताना एका सहकाऱ्याच्या एलिसमध्ये बऱ्याचदा बसलो. पहिल्या आठवड्यात कंबर दुखली, पण ते उंच सिल का आहे हे माहीत असल्यामुळे त्याचा राग कधी आला नाही. आपल्या शेजारी, गोव्यात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी उघडी गाडी निघाली होती. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं छोटं इंजिन. फायबरग्लासचा बाह्यभाग भार घेत नाही, त्यामुळे अशा गाडीत सगळा हिशेब खालच्या चौकटीवर येतो. तुमच्या प्रोजेक्टमध्येही बहुधा हेच असणार.

आता माझदाकडे येऊ. एमएक्स-५ ही गाडी भारतात कंपनीने कधीच विकली नाही, त्यामुळे आपल्याकडे ती फारशी दिसत नाही. पण उघड्या गाडीचा अभ्यास करायचा तर तिच्यापासून सुरुवात करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. १९७९ च्या सुमारास बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोतोंना सुचवलं की जुन्या इंग्लिश रोडस्टरसारखी, म्हणजे दोन आसनी उघड्या गाडीसारखी, साधी, हलकी, परवडणारी उघडी गाडी आता कोणी करत नाही, तुम्ही करा. पुढे हॉल स्वतः माझदात गेले, तोशिहिको हिराई प्रकल्पाचे प्रमुख झाले, आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिली गाडी उभी राहिली. वजन ९४० किलो, इंजिन १.६ लिटर.

या गाडीचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय माझ्या मते अगदी पहिल्या दिवशी झाला. ती कुठल्याही बंद गाडीवरून कापून काढलेली नाही. तिला पक्कं छप्पर कधी असणारच नव्हतं, म्हणून फरशी, सिल आणि बोगदा हाच आधार धरून आखणी झाली. छपराची भरपाई करायची वेळच आली नाही, कारण छपरावर कोणी अवलंबून नव्हतं.

त्यातला एक भाग बघण्यासारखा आहे. पुढे असलेला गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा डबा) यांना जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब, भोकं पाडलेली तुळई गाडीच्या पोटातून जाते. माझदा तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर डिफरन्शियल आपल्या रबराच्या बुशांत नाक वर करून उचलला जातो आणि मग चाकाला जोर पोचतो, हा उशीर तुम्ही इतर गाड्यांत अनुभवला असेल. इथे दोघे एकाच काठीला बांधलेले आहेत, त्यामुळे डिफरन्शियलला मान वर करता येत नाही. पाय हलला की मागचं चाक हललं. सांगाड्यावर जास्तीचा भार न टाकता हे साधलंय. घोडेस्वार आणि घोडा एक व्हावेत अशा अर्थाचा ‘जिनबा इत्ताई’ हा शब्द ते लोक वापरतात. माझ्यासारख्या माणसाला त्या शब्दापेक्षा ती भोकं पाडलेली काठी जास्त बोलते.

पुढच्या पिढ्यांत गाडी थोडी थोडी वाढत गेली, जशा सगळ्याच वाढतात. २००५ च्या तिसऱ्या पिढीपर्यंत जपानमधलं वजन १०९० किलोवर पोचलं. तीही वाढ खूप आवरून धरलेली होती. त्या वेळच्या संघाने ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवला होता, नुसत्या आतल्या आरशातून ८४ ग्रॅम काढले होते. तरी एकूण गाडी मोठी झाली, तेव्हा आरशातल्या ८४ ग्रॅमने काय होणार?

चौथ्या पिढीला त्यांनी काट्याची दिशाच उलटी फिरवली. सप्टेंबर २०१४ मध्ये गाडी दाखवली, २०१५ मध्ये हिरोशिमात तिचं उत्पादन सुरू झालं. प्रकल्पप्रमुख नोबुहिरो यामामोतो, मुख्य डिझायनर मासाशी नाकायामा. लांबी ३९१५ मिलिमीटर, म्हणजे १९८९ च्या पहिल्या गाडीपेक्षाही ५५ मिलिमीटरने आखूड. आणि जपानमधल्या सगळ्यात साध्या मॉडेलचं वजन ९९० किलो. आधीच्या पिढीपेक्षा बरोबर शंभर किलो कमी, आणि तेही मधल्या दहा वर्षांत सुरक्षिततेचे नियम कडक झालेले असताना.

हे शंभर किलो कुठून गेले असं लोक विचारतात, तेव्हा त्यांना एखादा जादूचा धातू ऐकायचा असतो. ॲल्युमिनियम आहेच. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे फेंडर, बंपरच्या आतला आडवा भाग. सांगाड्यात जास्त ताकदीचं स्टीलही वाढवलं. पण मूळ निर्णय त्याच्या आधीचा आहे: गाडी लहान, इंजिन लहान. जपानमध्ये कापडी टपाच्या गाडीला सुरुवातीला फक्त १.५ लिटरचं इंजिन दिलं, १३१ अश्वशक्तीचं. हा आकडा जाहिरातीत मिरवण्यासारखा नाही. पण एकदा इंजिन लहान ठरलं की बाकीचं ओळीने येतं. टॉर्क कमी, म्हणून गिअरबॉक्सचे दात आणि शाफ्ट बारीक. वजन कमी, म्हणून ब्रेक लहान. टायर १९५ मिलिमीटर रुंदीचा आणि चाक १६ इंची पुरतं. आणि आधीच्या पिढीत चाकाला पाच नट होते तिथे चार पुरले.

चार नटांवर मी जरा थांबतो. एक नट काढला तर किती ग्रॅम वाचले हा इथे प्रश्न नाही. हबची फ्लँज, म्हणजे चाक जिच्यावर बसतं ती चकती, लहान झाली, चाकाच्या मधला भाग लहान झाला, आणि हे सगळं स्प्रिंगच्या खालचं, रस्त्यावर प्रत्यक्ष आपटणारं वजन आहे. ते कमी झालं की डॅम्परला (शॉक ॲब्सॉर्बरला) कमी काम, सांगाड्याला कमी धक्का. ज्या थरथरीबद्दल वर लिहिलं तिचा उगमच इथे बारीक झाला. शिवाय चार नट लावायचा निर्णय पुढे कोणी दोनशे अश्वशक्तीचं इंजिन बसवायला निघालं तर त्याचे हातही बांधतो. माझ्या कामात ‘राहू दे, पुढे लागेल’ या वाक्याने जेवढं वजन वाढलेलं पाहिलं आहे तेवढं दुसऱ्या कशानेही नाही. मीटिंगमध्ये ब्रॅकेट दीड मिलिमीटरचा ठरतो, कोणीतरी पुढच्या मॉडेलचा विचार करून दोनचा करतो, आणि तो पुढचं मॉडेल आलं नाही तरी दोनचाच राहतो.

९९० किलोच्या त्या साध्या मॉडेलला मागचा स्टॅबिलायझर बार, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारी सळई, सुद्धा नाही. बार जड असतो म्हणून केवळ काढला असं समजू नका. हलक्या गाडीला मऊ स्प्रिंग पुरतात, आणि ती वळणावर थोडी कलली तर चालकाला टायर किती धरतोय ते कलण्यातून कळतं. २०२१ च्या शेवटी त्यांनी यात एक सुंदर भर घातली. जोरात वळताना मागच्या आतल्या चाकाचा ब्रेक अगदी हलका, चालकाला न कळण्याइतका लागतो. मागच्या सस्पेन्शनच्या दुव्यांची भूमिती अशी आहे की ब्रेक लागला की तिथली बॉडी खाली ओढली जाते. म्हणजे वळणावर जो कोपरा वर उचलला जातो तोच धरून ठेवला. ब्रेक होताच, सेन्सर होतेच. एक ग्रॅम न वाढवता फक्त प्रोग्रॅम लिहून हे केलं. असं काम बघितलं की मला अजूनही उठून कोणाला तरी सांगावंसं वाटतं.

इंजिनातही तोच स्वभाव आहे. २०१८ मध्ये २ लिटरचं इंजिन १६० वरून १८४ अश्वशक्तीवर नेलं. टर्बो नाही लावला. प्रत्येक पिस्टनमधून २७ ग्रॅम आणि प्रत्येक कनेक्टिंग रॉडमधून ४१ ग्रॅम काढले, हवेचे मार्ग मोकळे केले, आणि इंजिन मिनिटाला ६८०० ऐवजी ७५०० फेऱ्यांपर्यंत धावू दिलं. वर-खाली होणारं वजन फेऱ्यांच्या वर्गाने भार टाकतं, त्यामुळे इथला ग्रॅम आरशातल्या ग्रॅमपेक्षा कितीतरी मोलाचा.

गाडीच्या रूपाबद्दल मी डिझायनर नसल्याने थोडंच बोलतो. पुढच्या काचेचा खांब आधीच्या पिढीपेक्षा ७० मिलिमीटर मागे घेतला. दाराचा वरचा भाग आतूनही बाहेरच्याच रंगाचा ठेवला, त्यामुळे बॉनेटची रेषा सरळ आत येऊन हाताशी पोचते. सीटवर बसल्यावर पुढच्या दोन्ही चाकांवरचे उंचवटे दिसतात, म्हणजे चाक नेमकं कुठे आहे हे अंदाजाने नाही तर डोळ्यांनी कळतं. बॉनेट इतकं खाली आहे की पादचाऱ्याचं डोकं त्यावर आदळलं तर आतलं इंजिन लगेच लागेल. म्हणून धडक बसताच बॉनेटची मागची कड छोट्या स्फोटकाने वर उचलली जाते. सुंदर रेषेची ही किंमत त्यांनी मोजली, रेषा सोडली नाही.

आता टप. टांग्याला असायचा तोच शब्द मी वापरतो, कारण कामही तेच आहे. चौथ्या पिढीचा टप हाताने उघडतो. मधली एक कळ सोडायची आणि बसल्या जागेवरून, एका हाताने, मागे ढकलायचा. मोटर नाही, पंप नाही, तारांचा जुडगा नाही. हा मला संपूर्ण गाडीतला सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो, कारण विक्री विभाग अशा वेळी बटण मागतो. हाताचा टप करणं बटणाच्या टपापेक्षा सोपं आहे असं मानू नका. मोटरला थोडा जास्त जोर लागला तर ती तक्रार करत नाही, माणसाचा खांदा करतो. मग प्रत्येक दुव्याचा कोन, प्रत्येक स्प्रिंगचा ताण असा ठेवावा लागतो की जिथे हात सगळ्यात अवघड जागी असतो तिथे जोर सगळ्यात कमी लागावा.

ज्यांना पक्कं छप्पर हवं त्यांच्यासाठी २०१६ मध्ये आरएफ ही आवृत्ती आली. तिचं छप्पर १३ सेकंदांत मागे जातं आणि वजन सुमारे ४५ किलो वाढतं. यंत्रणा म्हणून ती बघत राहावी अशी आहे. पण छप्पर लावलेलं असतं तेव्हा ते किलो गाडीत सगळ्यात वर असतात. मला विचाराल तर मी कापडी घेईन.

कापडाच्या टपाचा खरा त्रास वेगात आणि पावसात. वेग वाढला की वरून जाणाऱ्या हवेमुळे दाब कमी होतो आणि कापड फुग्यासारखं वर ओढलं जातं. आतल्या कमानी कुठे ठेवायच्या आणि बंद करताना कापड किती ताणायचं यावर ते फडफडेल की नाही ते ठरतं. टप उघडा असेल तर वेगळाच प्रश्न. तुम्हाला वाटेल हवा पुढून येऊन तोंडावर बसते. ती काचेवरून निघून डोक्यावरून जाते, मागे कमी दाबाचा खळगा होतो, आणि तिथून वळून ती सीटच्या मधून पुढे येते. म्हणून गार वारा मानेला मागून लागतो. सीटमागे जाळी किंवा छोटी उभी फळी लावली की हा उलटा झोत तुटतो. काचेवर, दारांवर, सीटवर लोकरीचे दोऱ्याचे तुकडे चिकटवून गाडी चालवा. कुठले दोरे मागे उडतात आणि कुठले चक्क पुढे तोंड करून उभे राहतात ते बघा. महागड्या विंड टनेलशिवाय निम्मं उत्तर मिळतं.

पावसाचं मी माझ्या पैशाने शिकलो. इंग्लंडमध्ये एक जुनी दोन आसनी उघडी गाडी घेतली होती, कंपनीचं नाव सांगायचं कारण नाही. वळणावर सीटच्या मागून डबक-डबक आवाज यायचा. मला वाटलं, टाकीतलं पेट्रोल हिंदकळतंय. कापडावरून ओघळलेलं पाणी दुमडीच्या जागी पन्हाळीत जमतं आणि तिथून नळीने चाकाच्या मागे खाली जायला हवं. त्या नळीचं तोंड पानांच्या चिखलाने बुजलं होतं, आणि पाणी सिलच्या आत साठत होतं. ज्या सिलवर सगळ्या गाडीचा ताठपणा अवलंबून, तेच आतून गंजलं. वार्षिक तपासणीत मेकॅनिकने छोट्या हातोडीने ठोकलं आणि हातोडीचं टोक आत गेलं. त्या दिवसापासून उघड्या गाडीच्या कुठल्याही रचनेत मी आधी पाण्याची वाट शोधतो. नळीचा व्यास किती, वळण किती, आणि मालकाला ती साफ करायला हात पोचतो का. आपल्या कोकणातल्या पावसात तर हा प्रश्न पहिल्या आषाढातच उभा राहील.

सुरक्षिततेबद्दल एकच गोष्ट, पण ती चुकवू नका. छप्पर नसलेल्या गाडीत उलटण्याचा भार पुढच्या काचेच्या दोन खांबांनी आणि सीटमागच्या दोन कमानींनी घ्यायचा असतो. अमेरिकेत बंद गाड्यांच्या छपराच्या ताकदीची जी चाचणी आहे त्यातून कन्व्हर्टिबल वगळलेल्या आहेत, म्हणजे नियम तुम्हाला अडवणार नाही. स्वतःच अडवून घ्यायचं. पुढच्या खांबाचं वरचं टोक आणि सीटमागच्या कमानीचं टोक यांना जोडणारी रेषा मारा. पट्टा लावून बसलेल्या तुमच्या सगळ्यात उंच मुलाचं हेल्मेट त्या रेषेच्या खाली राहिलं पाहिजे. राहत नसेल तर कमान उंचवा. तिथे दिसण्याचा विचार करायचा नाही.

तुमच्या प्रोजेक्टला कार्बन फायबर मिळणार नाही, ते धरूनच सांगतो. मॅकलॅरेनच्या १२सी या स्पोर्ट्स गाडीचा सांगाडा कार्बनचा होता, म्हणून तिची उघडी आवृत्ती करताना त्याला वेगळी बळकटी द्यावी लागली नाही आणि वजन फक्त ४० किलोने वाढलं. तुमच्याकडे चौकोनी स्टीलच्या नळ्या आणि वेल्डिंग मशीन असेल. तेवढं पुरेसं आहे. सीटची जागा, पाय आणि पेडल आधी आखा, मग उरलेल्या जागेत सिल आणि बोगदा जितके मोठे बसतील तितके मोठे घ्या आणि पत्रा पातळ ठेवा. बोगद्याला खालून पट्टी लावून तो बंद करा. खालून उघडा बोगदा म्हणजे तीच चिरलेली नळी. दोन सिल आणि बोगदा यांना पुढे व मागे पूर्ण रुंदीच्या आडव्या डब्यांनी बांधा, कारण सिल कितीही ताठ असलं तरी त्याच्या टोकाचा सांधा ढिला असेल तर सगळं फुकट जातं. मी आतापर्यंत जेवढे सांगाडे पिळले त्यांतले बहुतेक नळीत नाही, सांध्यात हरले.

सांगाडा वेल्ड झाला की इंजिन बसवायच्या आधी तो पिळून बघा. मागचे दोन सस्पेन्शनचे बिंदू पक्क्या टेबलाला बोल्टने बांधा. पुढे मधोमध खाली गोल सळईचा आधार द्या, म्हणजे पुढचा भाग तिच्यावर डोलू शकेल. एका पुढच्या बिंदूवरून, सळईपासून एक मीटर अंतर भरेल इतका हात बाहेर काढून त्याच्या टोकाला २० किलोचं वजन टांगा, जवळजवळ २०० न्यूटन-मीटरचा पीळ झाला. दोन्ही सिलच्या खाली दर वीस सेंटिमीटरवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र) लावून वाचन घ्या, आणि लांबीप्रमाणे पीळ कसा वाढतो याचा आलेख काढा. आलेखाला जिथे एकदम उभा चढ लागतो, तो तुमचा ढिला सांधा. तिथे एक त्रिकोणी पत्रा लावा, पुन्हा मोजा. वजन टांगण्याआधी आणि नंतर दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्णही टेपने मोजून ठेवा. दोघांत किती मिलिमीटरचा फरक पडला ते आलेखासह मला कळवा, मग पुढच्या सांध्याबद्दल बोलू.